बर्फातल्या खोपी आणि दिगूअण्णा

आमच्या बीदरकडच्या औराद तालुक्यात ज्याचा फोटो दिगूअण्णानं काढला नाही तो जन्मला होता याला पुरावा नाही, असं माझे वडील म्हणायचे. वडील शाळामास्तर, बोलणं मोजकं, पण हे वाक्य भेटेल त्याला ऐकवायचे आणि त्यात खोटं काही नव्हतं. शाळेचा दाखला, रेशनकार्ड, नोकरीचा अर्ज, सोयरिकीला पाठवायचा फोटो, लग्न, बारसं, आणि शेवटी हार घालून भिंतीवर टांगायचा तो, सगळं बसस्टँडसमोरच्या एकाच खोलीत निघायचं. खोलीवर पाटी होती, 'दिगंबर फोटो स्टुडिओ'. तिच्याखाली, तिच्याहून मोठ्या अक्षरांत, मराठी, कन्नड आणि उर्दूत लिहिलं होतं: चपला बाहेर काढा.

माझं दुकान त्यांना लागून. झेरॉक्स, टायपिंग, ऑनलाइन अर्ज. घरमालकानं एका मोठ्या खोलीची दोन दुकानं केली होती आणि मधली भिंत पत्र्यापर्यंत न नेता हातभर खालीच सोडून दिली होती. विटा संपल्या असतील नाहीतर उत्साह. त्यामुळं अण्णांच्या पंख्याची कुरकुर मला आणि माझ्या मशीनची घरघर त्यांना, अशी वीस वर्षं आम्ही काढली. मी मोठ्यानं बोलते, हे आधीच सांगून टाकते. माझा नवरा म्हणतो, तुला मोबाईल कशाला लागतो, दारात उभी राहा.

अण्णा मूळचे चिंताकीचे, शेतकऱ्याच्या घरातले. उंच, वाळके, कानावर केस. स्टुडिओत त्यांचा एकच पडदा होता, तरुणपणी हैदराबादच्या एका पेंटरकडून रंगवून आणलेला. मागं बर्फाचे डोंगर, पुढं लाकडाची एक खोप, तिच्या धुराड्यातून निघणारा धूर, आणि दाराशी नारळाचं झाड. पेंटरनं बर्फ पाहिलेला नव्हता आणि अण्णांनीही नव्हता, त्यामुळं नारळाबद्दल कुणाची तक्रार झाली नाही. चाळीस वर्षं अख्खा तालुका त्या खोपीपुढं उभा राहिला. खुंटीला एक काळा कोट असायचा, तो कुणीही घालावा. पण चपला बाहेर. म्हणून आमच्याकडचे जुने फोटो बघा: अंगात कोट, गळ्यात टाय, मागं बर्फ, आणि खाली अनवाणी पाय. माझा सोयरिकीचा फोटोही तिथलाच. त्यात धुराडं नेमकं माझ्या डोक्यामागं आलं आणि धूर माझ्या टाळूतून निघाला. सासूबाई फोटो बघून म्हणाल्या होत्या म्हणे, "पोरगी तापट दिसतीय." सासूबाईंची नजर चांगली होती.

लहान पोरं विचारायची, त्या खोपीत कोण राहतं? अण्णा गंभीर तोंड करून सांगायचे, "मालक भायर गेलाय. त्यो यायच्या आत तू नीट हुबं ऱ्हा." पोरं धसक्यानं ताठ व्हायची. त्या काळच्या सगळ्या पोरांच्या चेहऱ्यावर तो धसका आहे. आज ती मोठी झाली, कुणी कोळारच्या कारखान्यात आहे, कुणी पुण्याला, पण फोटोत सगळी मालकाची वाट बघत उभी आहेत.

त्यांची खरी खोड वेगळीच होती. कॅमेरा डोळ्याला लावला की अण्णा विचारायचे, "घेऊ?" आणि समोरचा "घ्या" म्हणेपर्यंत बटण दाबायचे नाहीत. मग समोर पुढारी असो की पाळण्यातलं लेकरू. लेकराच्या वतीनं आईनं म्हणावं लागायचं. आमच्या लग्नात बुद्धवंदना झाली, पाहुणे जेवायला ताटकळले, आणि माझा नवरा लाजून गप्प. अण्णाही गप्प, कॅमेरा तसाच. शेवटी मीच ओरडले, "घ्या की हो अण्णा!" तो फोटो आहे माझ्याकडं. नवरी ओरडतेय आणि नवरदेव दचकलाय. त्याला पुढं सवय झाली.

मी एकदा चिडून विचारलं होतं, "फोटो काढायलाच आलेला मानूस घ्याच म्हननार की. कामून इचारायलाव?"

"इचारल्याबिगर कुनाच्या रानातलं वांगं तोडत न्हाई आपुन," अण्णा म्हणाले. "चेहरा कसा तोडावा?"

माझे वडील वारले तेव्हा आमच्याकडं त्यांचा एकही धड फोटो नव्हता. दुसऱ्यांना वाक्य ऐकवण्यात त्यांचा वेळ गेला. अण्णा आले, चपला अंगणाच्या बाहेर काढल्या, वडिलांना टेकवून बसवलं, टोपी सारखी केली, आणि कॅमेरा लावून म्हणाले, "घेऊ का, मास्तर?" आणि थांबले. आम्ही सगळे थांबलो. रडणारेही थांबले. मग आई आतून म्हणाली, "घ्या." मला त्या क्षणी वाटलं की वडिलांचा मान कुणीतरी राखला. आमच्या लोकांना न विचारता पुष्कळ काही घेतलेलं आहे पिढ्यानपिढ्या. म्हणून ते विचारणं मला आजही आठवतं.

अशा माणसाचा फोटो म्हणजे पुरावा, हे ओघानंच आलं. शेताचा बांध कोरला, भिंत पडली, झाड तोडलं, की लोक पोलिसांच्या आधी अण्णांना बोलवायचे. बाबूरावअप्पा म्हणून एक निवृत्त तलाठी आहेत, माझ्या दुकानापुढच्या बाकावर रोज येऊन बसायचे. त्यांचं म्हणणं, "दिगूचा फोटो आन जमिनीची पहानी, दोनी सारखंच. उलट पहानीत चूक सापडंल." आणि पहाण्या, म्हणजे आमच्याकडचे सातबारे, त्यांनीच लिहिलेल्या, त्यामुळं त्यांना माहीत असणार.

एकदा एका शेतकऱ्यानं अण्णांना दुपारी घाईनं नेलं. विमा उतरवलेली म्हैस मेली होती, फोटो हवा होता. जाऊन बघतात तर म्हैस बाभळीखाली आडवी, डोळे मिटून रवंथ करतेय. शेतकरी हळूच म्हणाला, "तोंड हलवायची थांबली की घ्या, अन्ना." अण्णांनी वाद घातला नाही. कॅमेरा लावला आणि मोठ्यानं विचारलं, "घेऊ?" म्हैस उठून उभी राहिली. अण्णांनी उभ्या म्हशीचा फोटो काढला आणि त्याच्या हातात दिला. म्हणाले, "लई ग्वाड आलीय."

हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं की पुढं याच माणसाला अख्ख्या तालुक्यानं खोटारडा ठरवलं. आणि ते कुणापासून सुरू झालं तेही सांगणार आहे.

मोबाईल आले आणि स्टुडिओ ओस पडला, हे सगळीकडंच झालं. त्यात कमलाक्का, म्हणजे अण्णांची बायको, गेली. मुलगा कोळारच्या कारखान्यात आणि मुलगी सुरेखा नॉर्वेत नर्स आहे. ती आली आणि तीन महिन्यांसाठी बापाला घेऊन गेली. थंडी सरत आली होती. सगळ्यांनी आशीर्वाद दिले आणि येताना काय आणायचं ते सांगितलं. बाबूरावअप्पांनी चॉकलेट सांगितलं. साखरेचा आजार आहे त्यांना, पण परदेशाची गोष्ट वेगळी.

अण्णा परत आले ते बदलून. एक म्हणजे पायात मोजे. उन्हाळा, औरादचा उन्हाळा, आणि हा माणूस मोज्यात. बूट दाराबाहेर काढायचे पण मोजे काढायचे नाहीत. दुसरं म्हणजे चाल. डावा पाय जपून टाकायचे. विचारलं तर म्हणायचे, "गुडगा." बाबूरावअप्पा म्हणाले, "गुडगा न्हाई, फारेन हाय त्ये. उतरंल." तिसरं, आणि हे सगळ्यांनाच लागलं, त्यांनी कुणालाही काही आणलं नाही. साधं चॉकलेट नाही. गाणगापूरला जाऊन आलेला माणूस प्रसाद वाटतो, तो वाटला नाही तर लोक म्हणतात बीदरच्या बसस्टँडवरून परतला असेल. हा तर नॉर्वेहून आला होता.

आणलं होतं ते वेगळंच. हैदराबादला मोठे करून आणलेले चाळीस फोटो. स्टुडिओत दोऱ्या बांधून त्यांनी ते टांगले, मला सांगून चहा-चिवडा मागवला, आणि गावाला बोलावलं. सगळे चपला काढून आत गेलो.

चाळीसच्या चाळीस फोटोंत खोपी. लाकडाच्या, एकेकट्या, भोवती बर्फ. एकीच्या दारावर सांबरासारखी शिंगं, एकीच्या छपरावर दगड आणि आवळलेल्या तारा, एक तर पानटपरीएवढी. एक सोडली तर सगळ्यांची दारं बंद. माणूस एकातही नाही.

अण्णा आयुष्यात एवढं सलग बोलले नव्हते. सुरेखाच्या घरी भिंतीवरच्या कॅलेंडरात त्यांना अशी एक खोप दिसली आणि ते म्हणाले, ही तर आपली हाय. मग नॉर्वेच्याही वर, ध्रुवाकडच्या एका बेटावर, सुरेखाच्या ओळखीच्या माणसानं त्यांना नेलं. तिथं अस्वलं, म्हणून तो माणूस बंदूक घेऊन बरोबर. बर्फावरच्या गाडीवर दोघं दिवसभर हिंडायचे. खोपी शिकाऱ्यांच्या. हंगामापुरतं येतात, कोल्हे, रेनडियर मारतात, हंगाम सरला की जातात.

"आपला ज्वारीच्या राखनीचा माळा असतो तसंच," अण्णा म्हणाले. "फकस्त आपुन मोडून टाकताव, त्ये ठिवत्यात. कुलूप लावत न्हाईत. चुलीत लाकडं रचून ठिवत्यात, आन काडेपेटीतली एक काडी अर्धी भायर काढून. फुडचा यील त्याची बोटं गारठलेली असत्यात, त्याला काडी काढता याची न्हाई म्हनून."

गाव चिवडा खात होतं. एक बाई म्हणाली, "अन्ना, मानसं कुटं हायत?"

"भायर गेलीत."

"मग इतक्या लांब जाऊन बंद घरं बगून आलाव?"

आणि मग अण्णांनी एक चूक केली. खरं सांगितलं. म्हणाले, दर खोपीपुढं मी इचारलं, घेऊ? कोनी बोलना. धा-बारा मिन्टं हुबा ऱ्हायलो. बंदूकवाल्याला कळंना, ह्यो कशाला थांबलाय. सांगितलं त्याला खुणेनं. दुसऱ्या खोपीपासनं त्योच म्हनायला लागला, 'घ्या'.

हसण्याचा असा पूर आला की दोऱ्या हलल्या. ध्रुवावरचा माणूस मराठी बोलला. बाबूरावअप्पांना ठसका लागला.

एकच फोटो वेगळा होता. पानटपरीएवढ्या खोपीच्या आतून काढलेला. उघड्या दारातून बाहेरचं बर्फ दिसतं, आणि उंबऱ्यापलीकडं जाड बुटांचा एक जोड, नीट शेजारी शेजारी ठेवलेला. अप्पांनी विचारलं, "मानूस न्हाई म्हनतूस, मग ह्ये बूट कुनाचे?"

अण्णा पहिल्यांदाच अडखळले. "मालकाचे असतील," म्हणाले आणि चहाचे कप गोळा करायला लागले.

आता माझं सांगते. दुसऱ्या दिवशी अप्पा बाकावर आले आणि म्हणाले, चाळीस फोटो आन एकातबी दिगू सोता न्हाई, ह्ये कसं? मी झेरॉक्स काढत होते, हात रिकामे नव्हते, तोंड होतं. म्हणाले, "असले फोटो नेटवर ढिगानं मिळत्यात, अप्पा." आणि काढून दाखवला. बर्फ, खोप, बंद दार. हुबेहूब. मी गंमत म्हणून दाखवला, शपथेवर सांगते. पण गंमत माझ्या बाकावरून उठली ती थेट बाजारात गेली. संध्याकाळपर्यंत औरादला कळलं की दिगूअण्णा मुलीच्या घरात तीन महिने रजई घेऊन बसला, नेटवरचे फोटो उतरवले आणि हैदराबादला मोठे केले. चॉकलेट कुठून आणणार? घराबाहेर पडलाच नाही.

फोटोग्राफरला चोर म्हटलं असतं तर कमी लागलं असतं. दुसऱ्याचा फोटो आपला म्हणून लावला, हे त्यांच्या चाळीस वर्षांवर पाणी होतं. आणि ते लगेच दिसलं. एका बांधाच्या भांडणात अण्णांनी काढलेला फोटो पुढं आला तर समोरचा वकील म्हणाला, "हाही नेटवरचा नसेल कशावरून?" सगळे हसले. त्यानंतर बांधावर त्यांना कुणी बोलावलं नाही. लग्नं तर केव्हाच गेली होती. अण्णा सकाळी येऊन पंखा लावायचे, पडद्यापुढं बसायचे, आणि संध्याकाळी पंखा बंद करायचे. त्यांनी देवळीत उदबत्तीशेजारी काडेपेटी ठेवली होती, एक काडी अर्धी बाहेर काढलेली. मी रोज बघायची आणि रोज काही न बोलता परत यायची.

एकदा मात्र मी म्हटलं, "पासपोर्टावर शिक्का असंल की अन्ना. दाखवा त्येंच्या तोंडावर."

"फोटोवर इस्वास न्हाई त्येंचा, शिक्क्यावर कसा बसंल?" अण्णा म्हणाले. "ऱ्हाऊ दे, संगे."

अशी दोन वर्षं गेली, मग माझ्या आईच्या पेन्शनचं निघालं. जिवंत असल्याचा दाखला लागतो दरवर्षी, आणि त्या वर्षी आईचं बोट मशीन घेईना. नवा फोटो जोडा म्हणाले. माझ्या हातात मोबाईल होता, काढता आला असता. पण मी अण्णांना बोलावलं. मनातली टोचणी, दुसरं काय.

अण्णा आले. दारात बूट काढले आणि आत पाऊल टाकलं ते थेट पाण्यात. मी नुकतीच फरशी पुसली होती आणि बादली कलंडली होती. दोन्ही मोजे भिजले. मी म्हणाले काढा, ते म्हणाले असू दे. मी म्हणाले सर्दी होईल, ते म्हणाले होत नाही. माझा स्वभाव तुम्हाला आता ठाऊक आहे. मी खाली बसले आणि डावा मोजा ओढला.

पायाला अंगठा नव्हता. त्याच्या शेजारचं बोटही नव्हतं. तिथं नुसती गुळगुळीत, तांबूस कातडी होती.

अण्णांनी माझ्या हातातून मोजा घेतला आणि बादलीत पिळला.

"ती लहान खोप," ते म्हणाले. "पानटपरीएवढी. आत जायाचं होतं, म्हनून बूट भायर काढले."

"बर्फात?"

"मग? कुनाचं तरी घर हाय की. मालक न्हाई म्हनून काय बूट घालून हिंडावं? बंदूकवाला गाडीपाशी लांब. मी आत फोटो काढण्यात गुतलो. भायर आलो तर एकच बूट. दुसरा वाऱ्यानं नेलेला. हुडकत हिंडलो मोज्यावर. आधी पाय लई दुकला, मग दुकायचा थांबला. वाटलं, सवकला. त्या गड्यानं पाय बगितला आन वरडलाच माज्यावर. मग दवाखाना. ऱ्हायलेले दिवस समदे तितंच गेले." आणि मोजा झटकत म्हणाले, "बाबूरावचं चॉकलेट त्यातच ऱ्हायलं."

म्हणजे ते बूट. दारातले, शेजारी शेजारी. चाळीस फोटोंत अण्णा एकदा होते आणि आम्ही सगळे चिवडा खात त्यांच्यापुढून गेलो होतो.

मी उठले. म्हणाले, आत्ता चला बाजारात. हा पाय दाखवा सगळ्यांना. यापरता पुरावा काय पाहिजे?

"आन काय सांगू? बर्फात बूट काढले म्हनून?" अण्णा हसले. "खोटारडा म्हनायलेत त्ये परवडलं, संगे. खोटं बोलायला डोकं लागतंय असं तरी वाटतंय लोकांना. ह्ये कळलं तर जलमभर येडा म्हनतील. कुनाला बोलू नको. तुला जड जाईल, ठावं हाय मला."

मला मग राहवलं नाही. मी सांगून टाकलं, "अन्ना, त्यो नेटवरचा फोटो अप्पाला मीच दाखविला होता. माज्यापास्नंच उठलं समदं."

"ठावं हाय."

"कोन सांगितलं?"

"कोन सांगाय पायजे? भित वरपत्तुर न्हाई की आपली," अण्णा म्हणाले. आणि ओला मोजा पायात चढवून आईकडं वळले. "घेऊ का, मावशी?"

आईला कमी ऐकू येतं, पण हे ऐकू आलं. ती पदर सावरून म्हणाली, "घ्या." मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. दोन वर्षं हा माणूस भिंतीपलीकडं बसून माझा आवाज ऐकत होता, आणि रोज सकाळी मला "काय संगे, चा झाला का" विचारत होता. मला स्वतःची फार लाज वाटली.

वचन मी पाळलं. आयुष्यात एवढं जड काही उचललं नाही. बाबूरावअप्पा बाकावर बसून तोच विषय काढायचे आणि मला जीभ चावावी लागायची. शेवटी मी बाकच उचलून आत टाकला. अप्पांनी विचारलं तेव्हा मी म्हणाले, पाय मोडलाय बाकाचा. आता मी खोटारडी.

ज्वारी पोटऱ्यात आली तेव्हा अण्णा गेले. सकाळी उठलेच नाहीत. मुलगा कोळारहून आला. सुरेखा पोचणं शक्य नव्हतं. अंगणात सगळं गाव होतं, ज्यांचे ज्यांचे चेहरे त्यांनी विचारून घेतले होते ते सगळे. आंघोळ घालण्याआधी पायाचे दोन्ही अंगठे दोऱ्यानं एकत्र बांधायचे असतात आमच्याकडं. वयानं मोठे म्हणून बाबूरावअप्पा दोरा घेऊन बसले. उजवा मोजा काढला, उजव्या अंगठ्याला दोरा गुंडाळला. मग डावा मोजा काढला. आणि दोरा हातात धरून तसेच राहिले. बांधायला काही नव्हतं.

अप्पांनी मुलाकडं बघितलं. त्याला ठाऊक होतं, त्यानंही शपथ पाळली होती, त्यानं मान खाली घातली. मग अप्पांनी माझ्याकडं बघितलं. मी ते वचन तिथं मोडलं. म्हणाले, "बर्फात गेलं, अप्पा. त्या लहान खोपीत. दुसऱ्याच्या घरात जाताना बूट भायर काढले होते अन्नानी."

मी सगळ्यांच्या तोंडाकडं बघत होते. एकजण जरी हसला असता तर मी त्याला सोडलं नसतं. कुणी हसलं नाही. चाळीस वर्षं जे त्या पाटीखाली चपला काढून आत गेले होते त्यांना यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. अण्णांचा अंदाज तेवढा चुकला. अप्पांनी दोरा तिसऱ्या बोटाला बांधला. गाठ दोनदा सुटली.

उचलायच्या आधी कुणीतरी म्हणालं, शेवटचा फोटो घ्या. चार मोबाईल वर झाले. मी मोठ्यानं बोलते, तशी बोलले, "आधी इचारा." मोबाईल थांबले. कुणालाच विचारता येईना. मग मीच पायाशी जाऊन म्हणाले, "घेऊ का, अन्ना?"

आम्ही थांबलो. 'घ्या' म्हणायचं घरच्यांनी असतं. मुलानं तोंड उघडलं आणि त्याला हुंदका आला. बाबूरावअप्पा दोऱ्याच्या गाठीकडं बघत होते. कुणीच म्हणालं नाही. एक एक करत चारही मोबाईल खिशात गेले.

त्यामुळं शेवटचा फोटो नाही. आणि आधीचाही सापडेना, सगळा जन्म कॅमेऱ्याच्या मागं काढलेला. शेवटी मुलानं तो बुटांचा फोटो स्टुडिओत पडद्यावर टांगला, बरोबर खोपीच्या दारापुढं, आणि त्याला हार घातला.

दहाव्याला बाबूरावअप्पा आले. मी माझ्या दारातून बघत होते. त्यांनी पाटीखाली चपला काढल्या, आत गेले, बुटांपुढं उभे राहिले. मग उदबत्ती घेतली आणि देवळीतली काडेपेटी उचलली. एक काडी अर्धी बाहेर होतीच, अण्णांनी ठेवलेली. तिनं उदबत्ती लावली. पेटी बंद करून ठेवणार होते, पण थांबले. नखानं दुसरी काडी अर्धी बाहेर ओढली आणि मग ती पेटी जागेवर ठेवली.